जाळी मारण्याआधी

फोन मस्कतहून आला.
आईच्या किचनमधल्या चिमणीचा पाइप साळुंक्यांनी बळकावलाय,
जाळी मारा, पैसे लगेच पाठवतो.
कंपनीची झडप होती तिथं,
उभादांड्याच्या वाऱ्यानं दोन वर्षांत तिची बिजागरी खाल्ली.

स्कूटरला शिडी बांधून गेलो.
सहा इंची पाइप, अर्ध्या इंचाची जाळी,
स्टीलचीच घ्यायची, लोखंड इथं
चहात बुडवलेल्या बटरासारखं सुटतं.
सातार्डेकरीणबाईंनी शिडीच्या खालच्या पायरीवर पाय रोवला
आणि वर बघत राहिल्या.

जाळी मारण्याआधी मी पाइपला कान लावतो.
मग पान्यानं दोनदा हलकंच टकटक.
पिल्लं असली तर त्यांना वाटतं, आई आली.

पूर्वी नव्हतो करत असलं काही.
दाभोलीला एकदा दोन स्क्रू, एक क्लिप,
दहा मिनिटांत काम, चारशे रुपये, वर कोकम सरबत.
आठवड्यानं त्यांचा फोन: पाइपातून वास येतोय.
पहिले दोन दिवस आवाज होता म्हणे,
तिसऱ्या दिवशी थांबला
तेव्हा घरच्यांना बरं वाटलं होतं.
शिडी लावून वर गेलो
तर जाळीच्या भोकाभोकात टोळ कोंबलेले,
हिरवे, अर्धे, काही वाळून गेलेले,
एक अळी, एका पालीची शेपटी.
बाहेरून जेवढं आत ढकलता येईल तेवढं तिनं ढकललं होतं.
ते टोळ मी स्क्रूड्रायव्हरनं एकेक काढले.
पैसे परत देतो म्हणालो, त्यांना कळेना कशाचे.

टकटक केलं.
पाइपातून एकदम चार गळे फुटले.

“काय म्हणतत?” बाईंनी खालून विचारलं,
पाहुण्यांची चौकशी करावी तसं.
“भूक लागली म्हणतत.”
“मगे थांब. माका खय घाई आसा?
एकटीची पेज, तिका तो भोंगो कित्याक?”
मग स्वतःशीच हसल्या:
“नावाची चिमणी, आणि रवता साळुंकी.”

मुलाला काय सांगायचं ते त्यांनीच ठरवलं,
जाळी बेळगावसून येवची आसा.
जाळी माझ्या पिशवीत पान्यावर आपटून वाजत होती.
दवाखान्यातली चिकटपट्टी आणून
त्यांनी चिमणीच्या बटणावर फुलीसारखी लावली,
चुकून शेजारची पोर येऊन दाबायची.
दर रविवारी मस्कतहून विचारणा,
दर रविवारी बेळगावचा रस्ता खराब.

चोविसाव्या दिवशी गेलो.
कान लावला. टकटक. काही नाही.
पुन्हा टकटक.
समुद्र तेवढा ऐकू आला, तोही पाइपातून लांबचा.

हात घालून घरटं ओढलं, ओढतच राहिलो,
बादली भरली.
सुरूच्या काड्या, जाळ्याचा निळा नायलॉन,
सापाची कात, गोळीचा चमकता कागद,
उष्टावणाच्या पंगतीतला कागदी रुमाल असावा तसा काहीतरी लगदा,
आणि मधल्या खळग्यात, जिथं पिल्लं बसत,
लांब पांढरे केस, गोल गोल फिरवून बसवलेले.

बाईंनी बादलीत वाकून बघितलं.
खिडकीत बसून विंचरायची त्यांची सवय.
हात आपोआप अंबाड्याकडे गेला.
मग म्हणाल्या, “घट्ट बसव हां.
पुढच्या वर्साक परत ह्यो घोळ नको.”

घट्ट बसवली. चार स्क्रू मारले, दोन पुरले असते.
बटणावरची चिकटपट्टी निघेना,
थोडा गोंद राहिलाच, त्याला आता धूळ धरेल.

शिडी स्कूटरला बांधताना वर पाहिलं.
साळुंकी जाळीच्या काठावर उतरली होती,
मान तिरकी करून
एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं आत बघत होती.
मी दोरीची गाठ अर्धी सोडून थांबलो.

चोचीत काही नव्हतं.
एवढं नीट पाहून घेतलं आणि निघालो.